आतल्या खोलीत सांगितलेलं नाव

मिल ब्रुक, मॅसॅच्युसेट्स
१४ ऑक्टोबर १७०६

प्रिय थँकफुल वहिनी,

एलिफलेटदादाचा गुडघा कसा आहे? मेंढीच्या चरबीचा लेप लावतो की अजून "आपोआप थांबेल" म्हणून लंगडतच फिरतो? तुझी मनगटं थंडी पडली की ठणकतात का? होपस्टिलचं बाळ एव्हाना बसायला लागलं असेल. दात आला का? रात्री झोपू देतं का आईला? आणि त्या तांबड्या गाईची कास सुजली होती, ती सूज उतरली का? एकेकाचं सविस्तर कळव. "सर्व ठीक" असं एका ओळीत गुंडाळू नकोस, तो दादाचा स्वभाव.

अक्षर बघून बुचकळ्यात पडली असशील. हे माझं आहे गं. तेरा वर्षं जावईबापूंनी माझी पत्रं लिहिली. मी सांगायची, जेबेझ लिहायचा, आणि त्याच्यासमोर जेवढं तोंडातून निघेल तेवढंच तुझ्यापर्यंत पोचायचं: पाऊस, डुकरं, सफरचंदं. वाचता मला येत होतंच. लिहिणं मागच्या हिवाळ्यात शिकले. स्तोत्रांचं पुस्तक समोर ठेवायचं आणि भूर्जाच्या सालीवर कोळशानं अक्षर गिरवायचं. लेक म्हणाली, "आई, या वयात हे काय काढलंस? जेबेझ आहे ना लिहायला!" मी म्हटलं, "तो आहे म्हणूनच." तिला वाटलं, मी थट्टाच करतेय.

यंदा सफरचंदं इतकी लागली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. रसाची चार पिंपं भरली. भोपळे कापून, दोऱ्यात ओवून चुलीवर वाळत टाकलेत. आमचे हे गेले त्याला डिसेंबरात तीन वर्षं होतील, पण घर भरलेलं आहे. गुडघे कुरकुरतात, दात सहा उरलेत, तरी मक्याची भाकरी मी दुधात कुस्करून दोन खाते. तक्रार करायला जागा नाही.

मी लांबण लावतेय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तुला नाही येणार तर कोणाला?

दादानं वसंतात कळवलं होतं, की तिथली चर्चची मंडळी तुला अजून प्रभुभोजनाला, भाकर-द्राक्षारसाला, बसू देत नाहीत, कारण आमच्या इथल्या चर्चच्या वहीत तुझ्या नावापुढे "चेटूक केल्यावरून काढले" असं लिहिलेलं आहे. गव्हर्नरांनी तुला तुरुंगातून सोडलं, पण वहीनं सोडलं नाही. त्या पत्रावर जेबेझकडून मी उत्तर काय धाडलं? "फार वाईट वाटले. ईश्वर पाहतो आहे." ईश्वर पाहत होताच, वहिनी. म्हणून तर झोप लागेना.

चौदा वर्षांपूर्वीचा तो दिवस तुला अर्धाच ठाऊक आहे. आम्हा सतरा बायकांना सभाघरात उभं केलं, डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि आमचे हात धरून त्या आचके देणाऱ्या पोरींच्या अंगावर ठेवले. हात लागला की पोर गप्प व्हायची. झालं, बाई चेटकीण! तू माझ्याबरोबर आली होतीस. माझी शाल तुझ्या हातात होती. मला आतल्या खोलीत नेताना तू म्हणालीस, "मेहिटी, केलं नाहीस ना? मग नाही म्हण."

त्याआधी आमच्या ह्यांनी मात्र हात जोडले होते. "हो म्हण गं बाई. हो म्हणणाऱ्या जगतायत, नाही म्हणणाऱ्या फासावर जातायत. पोरांकडे बघ." मी हो म्हटलं. काठीवर बसून उडाले म्हटलं, सैतानाच्या वहीत सही केली म्हटलं. तेव्हा मला सही करताच येत नव्हती, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग त्यांनी विचारलं, बरोबर कोण होतं? मी दोन नावं दिली. न्यायाधीश म्हणाले, "या दोघी तर मेल्यात. जिवंत बाई सांग."

तेव्हा मी तुझं नाव सांगितलं.

दादाला मी काय सांगितलं होतं ते आठवतंय? "नाव त्यांनी आधीच लिहिलेलं होतं, मी नुसती मान हलवली." ते खोटं होतं. कागद कोरा होता. कोणीही तुझं नाव माझ्या तोंडात घातलं नाही. मागाहून तुला आत आणलं, तू तीनदा नाही म्हणालीस, आणि त्या 'नाही'पायी नऊ महिने बेड्यांत बसलीस.

तर लिहिण्याइतपत हात बसल्यावर मी नव्या पाद्रीबाबांकडे गेले. माणूस चांगला आहे, तिशीचाही नाही. म्हणाले, "आजी, सोपं आहे. तुम्ही बाकापाशी उभ्या राहा, मी तुमच्या वतीनं वाचतो." कागदही तयार होता. 'सैतानाने मला भूल घातली आणि त्या भ्रमात मी एका निर्दोष स्त्रीचे नाव घेतले.' इकडच्या गावांतून ज्यांनी ज्यांनी माफी मागितली, त्यांनी हेच वाचून घेतलं.

मी म्हटलं, "पाद्रीबाबा, सैतान त्या खोलीत नव्हता."

"आजी, सगळे असंच म्हणतात."

"सगळ्यांचं मला माहीत नाही. मी शुद्धीवर होते. भ्रम म्हटलं की लोकांना वाटायचं, काहीतरी दिसलं असेल बाईला. मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं."

त्यांनी आपला कागद बाजूला सारला. मग हळूच म्हणाले, "मग ती जाणूनबुजून दिलेली खोटी साक्ष ठरते. तुम्हालाच प्रभुभोजनापासून दूर ठेवावं लागेल."

"किती दिवस?"

"ते मंडळी ठरवतील."

"ठरवू देत," मी म्हटलं आणि माझा कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. माझ्या हातचा. त्यांनी दोन ठिकाणी अक्षर सुधारलं, शब्द एकही बदलला नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी उभी राहिले. पुढचा बाक घट्ट धरला. पाद्रीबाबांनी खणखणीत वाचलं: "मी शुद्धीवर होते. जीव वाचवण्यासाठी मी खोटे बोलले. थँकफुलने काहीही केलेले नाही. सैतानाने मला काही सांगितले नाही." छपरावर कबुतर घुमत होतं. तेवढ्यात आपले सभाघराचे कारभारी डीकन जेरेड, आता ठार बहिरे झालेत, मोठ्यानं बायकोला विचारतात, "काय म्हणतेय ती?"

"खोटं बोलले म्हणतेय!"

"मग त्यात नवीन काय? आमचा घोडासुद्धा सांगेल, थँकफुल चेटकीण नव्हती!"

लोक हसले गं, सभाघरात! पाद्रीबाबांनी पुस्तकात तोंड लपवलं. मला मात्र डीकनसाहेबांना विचारावंसं वाटलं, की मग चौदा वर्षं तुम्ही आणि तुमचा घोडा गप्प का बसलात? पण बायकांनी तिथं बोलायचं नसतं, आणि मी कोणत्या तोंडानं विचारणार?

मग तुझ्यावरचा ठपका काढायला हात वर झाले. सगळ्यांचे. वहीतली ती ओळ आडवी रेघ मारून खोडली, मी डोळ्यांनी पाहिली. मला सहा महिने प्रभुभोजन नाही आणि जागा दाराजवळच्या शेवटच्या बाकावर. तिथं वारा झोंबतो, पण शेजारी पेशन्स मॅककार्टी असते, ती पाय शेकायला निखाऱ्यांची पेटी आणते आणि माझेही पाय तिच्यावर ठेवू देते. शिवाय प्रवचनात डुलकी लागली तर कोणाला दिसत नाही. खरं सांगते, इतक्या सुखानं मी कित्येक वर्षांत बसले नव्हते.

पण त्या कागदात एक गोष्ट नव्हती. ती गावाची नाही, तुझी आहे.

जीव वाचवायला कोणतंही नाव चाललं असतं. ज्यांची नावं त्या पोरींनी आधीच घेतली होती अशा कितीतरी होत्या. मी तुझंच घेतलं, कारण तू दाराबाहेर शाल घेऊन उभी होतीस आणि मला 'नाही म्हण' म्हणाली होतीस. हो म्हटल्यावर मला बाहेर येऊन तुझ्या तोंडाकडे बघावं लागणार होतं. ते माझ्याच्यानं होणार नव्हतं. वाटलं, तूही आत आलीस, तूही हो म्हणालीस, की आपण दोघी सारख्या. तू हो म्हणशील याची मला खात्री होती, वहिनी. मी तुला माझ्यासारखी समजले.

तुझ्या तिथल्या मंडळींसाठी पाद्रीबाबांचं पत्र सोबत आहे, सहीशिक्क्यानिशी. ते दादाकडे दे, त्यानं लगेच नेऊन पोचवावं. त्याच्या बदल्यात मला काही नको. 'माफ केलं' असं मनात नसेल तर लिहू नकोस, माझ्या म्हातारपणाची दया येऊनही नको. राग असेल तर राग लिही, दोन पानं लिही, वाचायला मी समर्थ आहे. दादाला हे वाचून दाखवायचं की नाही, तेही तूच ठरव. फक्त लवकर लिही. बर्फानं रस्ते बंद होण्याआधी टपाल घेऊन स्वार एकदाच इकडे फिरकेल.

तुझ्यावर खोटा आळ घेणारी
तुझी नणंद,
मेहिटेबल