शेषेराव आला का?

नांदेड, २२ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
शिवमचा सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, मी ठणठणीत आहे. विद्यापीठ संघाचं सराव शिबिर सुरू झालं आणि सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांचे मोबाईल कपाटात कोंडले. पोरं दोन दिवस ताप आल्यासारखी फिरत होती. मी पोस्टातून अंतर्देशीय पत्रं आणली. तुमचं अक्षर लई चांगलं आहे असं आई नेहमी सांगते, तेव्हा उत्तर पाहिजेच.

पहाटे विष्णुपुरी धरणाच्या पाण्यावरून धुकं येतं आणि मैदान दिसेनासं होतं. चेंडू मारला की तो धुक्यात जातो, मग कुठून तरी पावलं ऐकू येतात, त्या अंदाजानं धावायचं. मला वाटतं आम्ही अकराच नाही, आधीच्या सगळ्या वर्षांची पोरंही आमच्यात पळतायत. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, नाश्ता करून घे.

आमच्या संघाची एक रीत आहे. मॅचच्या आधी खांद्यावर हात टाकून गोल करायचा. कॅप्टन विचारतो, “शेषेराव आला का?” सगळे ओरडतात, “येऊन राहिला!” मगच मैदानात उतरायचं. हा शेषेराव कोण, कुणालाच माहीत नाही. उदगीरचा गोलकीपर तर त्याला देव समजून नारळ बोलतो. मी म्हटलं, शेषेराव माझ्या मामाचं नाव, पण फुटबॉल म्हटलं की ते उठून गोठ्यात जातात. पोरं लई हसली.

यंदा विभागीय स्पर्धा आपल्याच मैदानावर आहे आणि माझं शेवटचं वर्ष आहे. पहिला सामना १७ डिसेंबरला. तीन वर्षं बोलावतोय, तीन वर्षं तुमचं काही ना काही निघतं. पप्पांना खेळातलं काही कळत नाही. माझं खेळणं तुम्ही एकदा बघावं, एवढंच.

मामींना नमस्कार. माझ्यावरचा जीव आहे तेवढाच असू द्या, कमी करू नका.
तुमचा, शिवम

•

मुरुड (जि. लातूर), २७ नोव्हेंबर

चि. शिवम यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेताच्या धुऱ्यावर बसून वाचलं आणि तिथंच बसून राहिलो. तुझी मामी हाका मारून हैराण झाली.

एक खरं सांग. ते नाव पोरं कशी घेतेत? हसण्यावारी, का शिवी दिल्यावानी? कुणी चालू केलं ते? मोठ्या माणसांपैकी कुणी येतं का तिकडं? खामखा विचारून राहिलो असं समज, पण विचार.

सतराला तूर काढायची हाय. मजूर आधीच सांगून ठेवल्यात. माझं येणं व्हायचं न्हाई. तू जपून खेळ. गुडघा सांभाळ, घाम आला की लगेच पाणी पिऊ नको, आणि डाव्या बाजूनं खेळत असशील तर लाइन सोडू नको.

मामाची माया काय, ती सांगायला पत्र लागत न्हाई.
शेषेराव

•

नांदेड, ३ डिसेंबर

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

मी डाव्या बाजूनं खेळतो हे तुम्हाला कधी बोललोच नव्हतो.

काल वसंतराव सर आले होते. कॉलेजात गणित शिकवतात, दरवर्षी शिबिरात येऊन संघाचा इतिहास सांगतात. पोरं पेंगतात. मी तुमचा प्रश्न खिशात घेऊन बसलो होतो, तो विचारला.

सर म्हणाले, विद्यापीठ नवं होतं तेव्हाची गोष्ट. पहिला संघ निवडला, बूट निम्म्यांकडे होते. लातूरच्या कॉलेजात मुरुडचा एक पोरगा होता, शेषेराव. डाव्या कडेनं पळायला लागला की मागं नुसती धूळ. पहिला सामना औरंगाबादला. संघ नांदेडहून रेल्वेनं गेला, शेषेराव लातूरवरून एसटीनं येणार होता. तो आला नाही. संघ दहा जणांवर उतरला. कॅप्टन दर थोड्या वेळानं बाहेर बघून विचारायचा, शेषेराव आला का, आणि बाहेरून आवाज यायचा, येऊन राहिला. शेवटच्या शिट्टीपर्यंत असंच चाललं. हरले. पुढच्या वर्षी सामन्याआधी कुणीतरी तेच विचारलं, सगळ्यांनी तेच उत्तर दिलं आणि रीत पडली.

मी सरांना विचारलं, चिडून म्हणायचे का? ते म्हणाले, नाही रे, वाट बघत होतो.

मामा, तो तुम्हीच ना? मी कुणाला बोललो नाही. फक्त आईला लिहिलं.

रागावलात तरी चालेल, पण अबोला धरू नका.
शिवम

•

मुरुड, ८ डिसेंबर

चि. शिवम यास,
आशीर्वाद.

आईला कशाला लिहिलंस रे बाबा. तिच्यापासून तर लपवलं होतं.

हाव, मीच तो. बॅग भरून तयार होती. पहाटेची गाडी धरायची, तर आदल्या सांजच्याला निलंग्याहून निरोप आला की उद्या पाहुणे पोरगी बघायला येणार. पोरगी म्हणजे तुझी आई. अण्णांची, तुझ्या आजोबांची, वाचा लकव्यानं गेल्याली. घरात बोलणारा गडी मी एकटाच. मी गेलो असतो तर पाहुण्यांफुडं बसलं कोण असतं? मी थांबलो. पहाटे घरातनं गाडीचा हॉर्न ऐकला. तो आवाज मला अजून ऐकू येतो, रानात असलो तरी.

पाहुण्यांनी पोहे खाल्ले, पोरगी पसंत केली. सिंधुला सांगितलं, मॅच रद्द झाली. तवा कुणाला कळवायची सोय न्हवती. नंतर कानावर आलं, माझ्यापायी दहा जणांवर खेळून हरले. कुठलं तोंड घेऊन जायचं होतं नांदेडला? आज जाईन, उद्या जाईन करता करता बूट कुणाला तरी देऊन टाकले. मला वाटलं होतं, नाव काढलं की थुंकत असतील.

तू आलास जन्माला, तर माझं काय वाया गेलं? असं मी मनाला समजावतो. बऱ्याचदा समजतं, कधी कधी न्हाई. वसंताला ओळखतो मी. त्याच्यासमोर उभं राहायची छाती न्हाई माझी. आग्रह करू नको.

तुझाच, कसा का असंना,
मामा

•

निलंगा, ११ डिसेंबर

तीर्थस्वरूप दादास,
सिंधुचा नमस्कार. वि. वि.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहून राहिले. तुझ्या भाच्याचं पत्र वाचलं. पहिल्यांदा रडले, मग लई राग आला, तो अजून हाय.

मला बघायला आले त्या दिवशी बाजेखाली मी तुझी भरलेली बॅग बघितली होती. तुला विचारलं, तू हसून म्हणालास, मॅच रद्द. मी अठरा वर्षांची येडी, मला खरं वाटलं. माझा संसार चांगला झाला दादा, पण तो तुझ्या कशावर उभा राहिला हे मला कळायला नको होतं का?

तूर कुठं पळून जात नाही. वहिनी बघतील, माझं बोलणं झालंय त्यांच्याशी. मी सतराला पहिल्या गाडीनं लातूर स्टँडवर उतरते. तू आलास तर दोघं नांदेडला जाऊ. न्हाई आलास तर मी तिथंच बसून राहीन, दिवस मावळंपर्यंत, पोरगा एकटा खेळला तरी.

भाकरी बांधून आणते. बहिणीचा राग आणि माया एकाच डब्यात येईल, तयारीनं ये.
सिंधु

•

मुरुड, २० डिसेंबर

चि. शिवम यास,
लई लई आशीर्वाद.

सामन्यानंतर तुमची बैठक होती, बोलणं झालं न्हाई, म्हणून लिहितो. एका गोलनं हरलात, त्याची फिकीर करू नको. तू लाइन सोडली न्हाईस. उजव्या पायाचा भरवसा धरायला शीक.

लातूर ते नांदेड तुझी आई रागानं नुसती भाकरी वाढत राहिली. ग्राउंडवर आलो तर त्या दिवशी उशिरापर्यंत दाटलेलं धुकं नुकतं उठून राहिलं होतं. झाडं आधी दिसली, मग गोलचे खांब, मग तुम्ही पोरं गोल करून उभी. मला समजंना मी किती वर्षांचा हाय. पायात बूट हायत का, ते खाली वाकून बघितलं मी.

मग तुमच्या कॅप्टननं विचारलं. तुम्ही ओरडायच्या आत तुझी आई उभी राहून ओरडली, आलाय, हितं बसलाय. तुम्ही सगळे वळून बघून राहिलात. मला तोंड कुठं लपवावं कळंना. तेवढ्यात वसंता खुर्चीवरून उठला. केस पांढरे, पण चालणं तेच. माझ्याजवळ येऊन बसला आणि पहिला हाफ संपंपर्यंत माझा हात धरून सामना बघत राहिला.

मी म्हणलं, वसंता, माझ्यापायी तुम्हाला दहा जणांवर खेळावं लागलं. तो म्हणाला, अकरावा होता की. मी होतो, राखीव, किट घालून बाहेर बसल्याला. कॅप्टन विचारायचा तवा येऊन राहिला म्हणून ओरडणारा मीच.

शिवम, हे त्यानं तुम्हाला इतक्या वर्षांत सांगितलं न्हाई. मी विचारलं, मग उतरला का न्हाईस? तो म्हणाला,

“मी उतरलो असतो तर तुझी जागा भरली असती, शेषा. मग तू कशाला परत आला असतास?”

जागा रिकामी ठेवली त्यानं माझ्यासाठी, आणि मी तिकडं फिरकलोच न्हाई. मी रडलो, सगळ्या लोकांदेखत. तुझ्या आईनं पदर पुढं केला. नंतर वसंतानं सहज सांगितलं, त्या साली तेवढा एकच सामना झाला आणि फुडल्या साली त्याची निवड झाली न्हाई. विद्यापीठाकडनं तो एक मिनिटसुद्धा खेळला न्हाई.

एकोणतीसला, रविवारी, त्याला हुरड्याला मुरुडला बोलावलंय. वढ्याकडचा पट्टा या साली पेरला न्हाई, सपाट हाय, दगड मी कालच येचले. तू चेंडू आण, दोन-चार पोरं आण. दोघांनाही आता पळवत न्हाई, पण वसंताला सांगून ठेवलंय, आधी तू उतर, मी बाहेर बसतो.

वाट बघतो. माया आहेच, ती घ्यायला स्वतः ये.
तुझा मामा,
शेषेराव