मामंजींचा उजवा कान

बुधवारा, बुऱ्हाणपूर
९ जानेवारी १९३६

मुंबईस आपणांस नमस्कार.

१. महिनाभर मामंजींचा उजवा कान दुखतो आहे.
२. मी रोज तपासला. आत काही नाही, तरी थेंब घालत राहिले.
३. तोंड उघडा म्हटले, तर म्हणाले, "कान दुखतोय, सूनबाई. दात पाहायला बैल घ्यायचाय का?" मी पदर सावरून पुन्हा कानातच थेंब घातले.
४. काल थुंकीत रक्त आले, तेव्हा आरशाने पाहिले. जिभेच्या मुळाशी कठीण व्रण आहे, कर्करोगाचा वाटतो.

घशाचे दुखणे कानात उमटते, हे मी नागपूरला डॉक्टरकीत शिकले होते. मग डॉक्टर विसरली की सून भ्याली, मला ठरवता येत नाही. त्यांना अजून सांगितलेले नाही. मुंबईच्या इस्पितळात ते फक्त मुलाच्या, आपल्या शब्दावर येतील. हे पत्र तीनदा पाकिटातून परत काढले आहे.

त्यांना न्यायला कधी येता, ते १४ तारखेपर्यंत कळवावे.

कोकिळा