नामाभाऊजींनी घोडी लवकर सोडली नव्हती

प्रिय मालक,

उभ्या संसारात तुम्हाला कधी 'प्रिय' म्हटलं नाही, आता म्हणते. लाजायला समोर तुम्ही नाही, आणि बेंबळीच्या शाळेत शिकलेली अक्षरं अजून शाबूत आहेत.

काल तुमचा दहावा झाला. लेकानं पिंड ठेवला, सगळे मागं सरकले, आणि कावळा लगेच शिवला! बायका म्हणाल्या, "भाग्याचा माणूस. मनात काय सुदीक ऱ्हायलं न्हाय बगा." मला मात्र रागच आला. काहीच राहिलं नव्हतं? खरंच? मग मनाला समजावलं, यंदाही पाऊस नाही, कावळेही उपाशीच असणार. तो तुमच्या मनाचं ओळखून आला की स्वतःच्या पोटाचं, कुणी सांगावं?

पण पत्र लिहायला बसले ते कावळ्यामुळं नाही. परत येताना गल्लीतलं एक पोरगं कळशी घेऊन पळत सुटलं आणि दारातच पाणी सांडलं. दुसरं ओरडलं, "नाम्याची घाई! नाम्याची घाई!" त्या पोराला काय ठाऊक नामा कोण ते? ताजं मुंडण केलेले, खांद्यावर पंचा टाकलेले तुमचे सख्खे धाकटे भाऊ तिथंच उभे होते. सोलापूरहून तुमच्या मातीला आले, ते दहाव्यापर्यंत थांबले. ती म्हण ऐकून भाऊजी हसले हो! सगळ्यांच्या आधी हसले. ज्याला रोज तेच ठिकाण दुखतं तो माणूस धक्का लागायच्या आधीच बाजूला होतो ना, तसं ते हसणं होतं.

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

तुम्हाला शर्यत कळायची, हे मी कधी नाकारलं नाही. जत्रेतली घोड्यांची लांब शर्यत म्हणजे वेशीपासून निघून टेकडीला वळसा, मग ओढा, मग परत वेस. लोक विचारायचे, "कुठलं जनावर लई पळतंय?" तुम्ही उलट विचारायचात, "पुढं पळणारी किती हायती?" सुरुवातीपासून पुढं पळायचा स्वभाव असलेलं घोडं एकटंच असलं, तर त्याला कोण गाठतंय? ते आपल्या चालीनं निवांत जातं. पण तशी दोन-तीन असली, तर ती एकमेकांना खातात, ओढ्याशी त्यांचा दम संपतो, आणि तिसऱ्या-चौथ्या जागेवर गुमान चाललेलं जनावर वेशीत आधी येतं. वेगापेक्षा घोडं कुठं आहे आणि किती श्वास राखून आहे ते बघा, असं तुम्ही म्हणायचात. पंच तुमच्या तोंडाकडं बघायचे. मीसुद्धा बघायची, चोरून.

खोड तरी केवढी होती! पंगतीत कोण आधी हात धुणार, आडावरून कुठली बाई घागर घेऊन शेवटी पोचणार, सगळ्याचा अंदाज. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, सून जरा मंद दिसते. तुम्ही म्हणालात, "मागनं येणारी हाय. बगा, शेवटाला तीच जितंल." आम्ही दोघं त्यावर कितीदा हसलो असू!

मग तो बहात्तरचा दुष्काळ पडला. तुळजापूरला जाणारे भाविक आटले, आपला टांगा दारात उभा राहिला. बैलांना, गाईंना छावणी होती. तुम्ही काजळीला घेऊन छावणीच्या दारापर्यंत गेलात, तर तिथला माणूस म्हणाला, "ही गुरांची छावणी हाय, घोड्यांची न्हाय." ती काळीभोर घोडी तुमच्या मागं मान खाली घालून परत आली. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. मी दुसऱ्या दिवशी न विचारता दुष्काळी कामावर गेले. तांबडी ज्वारी तरी मिळेल म्हणून.

चैतातल्या जत्रेत पंचांनी फेट्याऐवजी बक्षीस ठेवलं कडब्याची भरलेली गाडी. सोसायटीनं दिली होती. तुम्ही घरी येऊन काजळीच्या कपाळावर हात ठेवलात आणि म्हणालात, "जितली तर मिरगापातूर जगंल." आपल्या घरात त्या वेळी दुसरं काही बोलणंच नव्हतं. ती जगते की नाही, एवढंच.

आता बोलते ते नीट ऐका. जिवंतपणी अर्ध्यावर उठून जायचात, आता जाल कुठं?

दर साली शर्यतीच्या आदल्या दिवशी तुम्ही अख्खी वाट अनवाणी चालायचात. टाच दाबून दाबून माती बघायचात. त्या सालीही निघालात. पण टेकडीमागं आमचं रस्त्याचं काम चालू होतं. मी डोक्यावर पाटी घेऊन भरावावर उभी होते. तुम्ही वळणावर आलात, वर पाहिलंत, मला पाहिलंत, बाकीच्या बायांनीही तुम्हाला पाहिलं. आणि तुम्ही तिथूनच माघारी फिरलात! टांगेवाल्याची बायको मातीच्या पाट्या वाहते, ते चार लोकांसमोर बघत पुढं जाणं तुम्हाला जमलं नाही. मला तेव्हा वाईट वाटलं ते माझ्यापुरतं. पुढं काय होणार ते कुठं माहीत होतं?

सांजच्याला मी सांगितलं होतं. "त्या वाटंवर आमी नवी माती टाकलीया. रोलर फिरला न्हाय. दाबायला पानीच न्हाय तर फिरंल कसा? पाय टाकला की घोट्याएवढा फुफाटा उठतोय. मागच्या जनावराला श्वास घेता यायचा न्हाय. काजळीला पुढंच ठेवा."

तुम्ही काय म्हणालात? "तू पाट्या उचल. शर्यत मला शिकवू नगंस."

आणि काजळीवर बसणाऱ्या भाऊजींना बजावलंत, "पुढं पळणारी तीन हायती, एकमेकांना मारत्याल. तू तिसऱ्या-चौथ्यावर ऱ्हा. ओढा वलांडल्याबिगर सोडू नगंस. कायबी होऊ दे." विशीतलं पोरगं ते, तुमचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. "व्हय दादा" म्हणाले.

तुम्ही वेशीपाशी होतात, सगळं गाव वेशीपाशी होतं. टेकडीमागं आम्ही कामावरच्या बायाच तेवढ्या. आधी ती तीन घोडी आली, एकमेकांना घासत, आणि तुम्ही म्हणाला होतात तश्शी भांडत. त्यांच्या मागं नुसता धुरळा. काही दिसेना. मग त्यातून काजळी निघाली. तोंड वासलेलं, नाकपुड्या मातीनं भरलेल्या. धुरळ्यातून बाहेर पडायला ती बाजूला धडपडत होती आणि भाऊजी दोन्ही हातांनी लगाम खेचून तिला जागेवर राखत होते. त्यांनी स्वतःच्या तोंडाला फेट्याचा शेव बांधला होता. घोडीच्या तोंडाला काय बांधणार? मी घसा फोडून ओरडले, "सोडा, भाऊजी, सोडा तिला!" त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. नाही म्हणून. डोळ्यांतून पाणी आणि माती एकत्र वाहत होती. मग परत धुरळ्यात दिसेनासे झाले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पुढच्या तिघांतली दोन घोडी ओढ्याशी थांबलीच, तिसरं कसंबसं चालत वेशीत आलं, तरी कडबा त्यालाच मिळाला. तुमचा हिशेब तंतोतंत खरा ठरला! फक्त काजळीला ओढ्यापलीकडं सोडली तेव्हा तिच्यात श्वासच उरला नव्हता. लोकांनी विचारलं, "काय वो, काय झालं?" तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "नाम्यानं घाई केली. लवकर सोडली."

एवढंच बोललात. तेवढं पुरलं.

भाऊजी तोंडावरची माती पुसत उभे होते. मी घरी आल्यावर तुम्हाला सांगितलं, म्या डोळ्यानं बघितलंय, त्यांनी सोडली न्हाय. तुम्ही उठून काजळीपाशी गेलात. मी पंचांना सांगते म्हणाले, तर म्हणालात, "बायकांनी पंचात बोलायची रीत न्हाय." काजळी धाप लागून चार-आठ दिवस उभी होती, मग बसली, ती उठली नाही. तुम्ही तिच्या गळ्यात पडून रडलात. भाऊजी गोठ्याच्या दाराशी आले, तर तुम्ही तोंड फिरवलंत. दुसऱ्या दिवशी ते सोलापूरला गेले, गिरणीत लागले. टांगा मोडला. तुम्ही सोसायटीच्या गोदामावर राखणीला बसलात. आणि गावात म्हण रुजली. सोसायटीच्या मिटिंगीतसुद्धा कुणी म्हणे, "ठरावाला नाम्याची घाई करू नका." तुम्ही दाराशी बसून ते ऐकायचात. कसं ऐकवत होतं हो तुम्हाला?

मी तुम्हाला दुष्ट म्हणत नाही. एकदा आपण एसटीनं तुळजापूरला चाललो होतो. आता तिथून डांबरी सडक गेलीय. टेकडीच्या वळणावर गाडी बंद पडली. तुम्ही खाली उतरलात, चप्पल काढलीत, कडेच्या मातीवर टाच दाबलीत. मला विचारलंत, "हितं?" मी म्हणाले, "व्हय, हितंच." तुम्ही बराच वेळ तिथं उभे राहिलात. मला वाटलं, आता बोलाल, आता सोलापूरला कार्ड टाकायला सांगाल. तुम्ही चप्पल घातलीत आणि म्हणालात, "गाडी चालू झाली, चल." त्या दिवसाइतकी मी तुमच्यावर कधीच चिडले नव्हते. आणि तुमची इतकी कीवही कधी आली नव्हती.

काल दहाव्याला पंच आले होते. यंदाच्या जत्रेत लांब शर्यतीचा फेटा तुमच्या नावानं द्यायचाय, माझ्या हातानं. कर्ण्यावरून तुमच्याविषयी दोन शब्दही बोलायचेत म्हणे. आता कुठं गेली 'बायकांनी बोलायची रीत न्हाय'? मी भाऊजींना बाजूला घेऊन म्हणाले, मी सगळं खरं सांगणार. त्यांनी माझे पाय धरले. "नगा वहिनी. दादाचं नाव ऱ्हाऊ द्या. मेलेल्या माणसाला खाली बघाय लावू नगा."

मी विचारलं, "आन् जित्या माणसाचं काय?"

ते म्हणाले, "मला सवं झालीया."

सवय! रात्रभर तोच शब्द कानात राहिला. भाऊजींचा थोरला पोरगा आता घोड्यावर बसायचं म्हणतो. भाऊजी त्याला गावाकडं फिरकू देत नाहीत. का, ते तुम्हाला मी सांगायला हवं का?

फार विचार केला. खरं बोलले तर तुम्ही खाली बघणार, गप्प बसले तर ते. तुम्ही दोघंही माझेच. असल्या पेचात टाकून गेलात, आणि वर लगेच कावळा शिवला म्हणे!

म्हणून वचन देते, ऐका. मी तो फेटा घेणार, कर्ण्यासमोर उभी राहणार. आधी सांगणार, नामदेवानं घोडी लवकर सोडली नाही, ओढ्यापर्यंत राखली, मी साक्षीला होते. चूक आदल्या दिवशी वाट चालून माती न बघणाऱ्याची होती. आणि मग म्हणणार, "हे मी मनानं बोलत न्हाय. जाताना मालक माझा हात धरून म्हणले, माझ्या भावाला मोकळं कर."

तुम्ही तसं काही म्हणाला नव्हतात. शेवटी तुम्ही फक्त पाणी मागितलंत. पण मी सांगणार आहे, सगळ्या गावाला आणि भाऊजींनासुद्धा. ते रडतील, आणि तुम्हाला माफ करतील.

तुमची,
सुलोचना