आमचा चिखल आणि पिटमन यांचा आकडा

६ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा जास्त! उपसागराच्या तळाचा चिखल पिळून काढलेलं पाणी आज तिसऱ्यांदा तपासलं. औषध घातल्यावर पाणी जितकं निळं, तितकी त्यात सिलिका. माझं पाणी शाईसारखं निळं. डॉ. पिटमन यांचा आकडा दीडशे, माझा साडेतीनशे.

"बाटल्या नीट धुतेस ना?" – पिटमन. जसं काही मी त्यात मुरंबा भरते.

जगभर काय होतं? समुद्रातली काचेच्या कवचाची सूक्ष्म शेवाळं मरतात, तळाला बसतात, कवचं चिखलात विरघळतात आणि सिलिका पुन्हा पाण्यात येते. नवी शेवाळं तिचीच कवचं करतात. फक्त आमचा न्यूफाउंडलंडचा चिखल म्हणे कंजूष, आलेलं गिळून बसतो! हे पिटमननी बत्तीस वर्षांपूर्वी सिद्ध केलं आणि त्यावर नाव कमावलं. माझ्या प्रबंधावर सही त्यांचीच लागते.

७ नोव्हेंबर, मंगळवार

गर्टी नोजवर्दी प्रयोगशाळेत सगळ्यांत जुनी. पिटमनना नावानं हाक मारणारी एकटीच. म्हणाली, "सेल्बीला सांग, चिखलाला त्याचा लेख वाचता येत नाही."

मी कशाला सांगू? मला पदवी हवी आहे.

८ नोव्हेंबर, बुधवार

पाच वाजता चर्चच्या हॉलमध्ये पत्ते. फ्रीझरमधून काढलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली एक दिवस-रात्र टेबलावर ठेवायची, हा गर्टीचा नियम. आज कुठला वेळ? तीनला काढली, कोमट पाण्यात धरली, बर्फ वितळल्याबरोबर तपासली.

एकशे बावन्न!

पिटमन बूट न घालता नुसत्या मोज्यांवर धावत आले. "बघ! नीट काम केलं की जुळतं." मग बायकोनं दिलेल्या पुडिंगमधलं अर्धं मला दिलं. चार वर्षांत पहिल्यांदा. सोमवारी कागद घेऊन ये, सही करतो, म्हणाले.

पत्त्यांत हरले. पण तरंगतच घरी आले.

९ नोव्हेंबर, गुरुवार

तीच बाटली. कालचं उरलेलं पाणी. तीनशे अठ्ठेचाळीस.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

गर्टीला विचारलं. ती आधी पोटभर हसली.

"अगं पोरी, पाणी गोठलं की सिलिकेचे कण एकमेकांना घट्ट धरून बसतात. त्या गठ्ठ्याला औषध ओळखत नाही. बर्फ वितळला तरी मिठी सुटायला दिवस लागतो. मग तो नियम काय मी माझ्या करमणुकीसाठी केला?"

म्हणजे आमचा चिखल कंजूष नाहीच. घाईत तपासलं की कंजूष दिसतो. आणि पिटमन यांच्या जुन्या वहीत शब्द आहेत, मी आज पाहिले: "सकाळी फ्रीझरमधून काढलं. दुपारी मोजलं."

बत्तीस वर्षं! मला हसू येतंय आणि भीतीही वाटतेय. हे त्यांना सांगितलं तर सही गेली. नाही सांगितलं तर माझ्या प्रबंधात खोटं, तेही माझ्या नावानं.

१२ नोव्हेंबर, रविवार

आईकडे जेवायला. खारवलेलं मांस, उकडलेला कोबी, वाटाण्याचं पुडिंग. काळजीनं दोनदा वाढून घेतलं.

आई म्हणाली, "आधी सही घे. मग खरं सांग."

बाबा म्हणाले, "म्हणूनच तुझ्या आईला कोणी पत्त्यांत जोडीदार घेत नाही."

ठरवलं. आधी सांगणार.

१३ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं. दोन्ही आकडे, बाटलीची वेळ, त्यांच्याच वहीतलं पान. पिटमननी पेन मागितलं आणि माझ्या साडेतीनशेच्या आकड्याखाली सही केली.

"बर्फाचं माझ्या लक्षात येऊन वीस वर्षं झाली," म्हणाले. "तेव्हापासून सहा विद्यार्थी या खुर्चीत बसून गेले. गर्टीचा नियम पाळूनही सगळ्यांचा आकडा माझ्याशी जुळला."