अनिसच्या गुडघ्याबद्दल आणि बाकी मालमत्तेबद्दल

मी, गुलशन इनुस तांबोळी, वय चौसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार दौंड, पूर्ण शुद्धीत, कोणी डोक्यावर बसलेलं नसताना हे लिहून ठेवते. येत्या गुरुवारी पुण्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही." असं कोणी म्हटलं की मला घाम फुटतो, म्हणून हे मृत्युपत्र. याआधी मी एकही केलेलं नाही.

१. घर आणि पोस्टातली ठेव यांचे हिस्से आमच्या शरियतीत ठरलेले आहेत. मुलगा अनिस आणि मुलगी तहमीना यांनी ते तसेच घ्यावेत. तहमीनाने भावाला "तूच घे सगळं" म्हणू नये, असला मोठेपणा पुढे अंगाशी येतो. एक-तृतीयांशापर्यंत मला हव्या त्या परक्याला देता येतं, त्यातलं पुढे लिहिते.

२. शिलाई मशीन, कात्र्या आणि इस्त्री मोनालीला. ती माझ्या हाताखाली शिकली. बाही अजून ओढून लावते, तेवढं सुधारावं. रोव्हर्सचा यंदाचा झेंडा अर्धा शिवून मशीनवरच आहे, तो तिने पुरा करावा. काठाला दुहेरी शिलाई घालावी, नाहीतर वाऱ्याने चिंध्या होतात.

३. रोव्हर्स म्हणजे मुठा रोव्हर्स, पुण्याचा फुटबॉल क्लब. माझे यजमान रेल्वेत फिटर होते. लग्नानंतर त्यांनी मला सिनेमाला नाही, मॅचला नेलं. मी आठ दिवस बोलले नाही आणि नवव्या दिवशी विचारलं, पुढची कधी? त्यांचे दोस्त जयसिंगआबा शेडमध्ये बरोबर होते, आता न्हावऱ्याला ऊस करतात. यजमान गेल्यापासून आम्ही दोघं रेल्वेने मॅचला जातो. लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, म्हणू देत.

येत्या हंगामाबद्दल माझं मत विचारायला कोणी येणार नाही, म्हणून इथेच लिहिते. पुढची फळी बरी आहे. मणिपूरचा नवा पोरगा उजवीकडून वाऱ्यासारखा पळतो, पण पास द्यायचं त्याच्या जिवावर येतं. गोलकीपर कॉर्नरला रेषा सोडत नाही, जणू पाय सिमेंटमध्ये रोवलेत. डावा बॅक म्हातारा झाला. मधे अनिस आहे म्हणून सगळं झाकून जातं. तो नसेल तर आम्ही तळाला जाणार, आणि तळाला गेलो तर मालक क्लब बंद करणार. तो तसं बोलूनही बसलाय.

होय, रोव्हर्सचा अनिस तांबोळी तो माझाच.

४. आमच्या मागे बसणाऱ्या पप्पूला काहीही देऊ नये. गेल्या हंगामात तो अनिसला "लंगडं घोडं" म्हणून ओरडला. मी छत्री उगारली होती, आबांनी हात धरला. आता वाटतं, त्या मेल्याला माझ्याआधी दिसलं होतं.

५. मला दिसलं ते रमजान ईदनंतर. अनिस घरी दार लावून नमाज पढत होता, खुर्चीवर बसून. अठ्ठावीस वर्षांचा गडी, आणि सजद्याला गुडघा टेकवत नाही! नमाज संपेपर्यंत मी दारातच उभी राहिले. मग त्याने सांगितलं. आतला लिगामेंट तुटत आलाय. क्लबबाहेरच्या डॉक्टरने बजावलंय, पुन्हा मुरगळला तर जन्माची काठी. क्लबला पत्ता नाही, हा इंजेक्शन घेऊन खेळतो.

"अम्मी, कराराचं शेवटचं साल हाय. आवंदा बसलो तर पुढं कोण इचारतंय? अल्लाची कसम घे, कुणाला सांगणार न्हाईस."

मी घेतली. आई म्हणून घाबरून घेतली, आणि खरं सांगायचं तर रोव्हर्सवाली म्हणूनही घेतली.

काल आबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, त्यो बसला तर टीम गेली म्हणून समजा. इनुस आसता तर काय म्हणला आसता?"

"इनुस असते तर एव्हाना कोचच्या दारात बसले असते."

"पोरगं तोंड बघणार न्हाई तुमचं."

"नको बघू दे. पण दोन्ही पायांवर चालत जाऊन नको बघू दे."

म्हणून या मृत्युपत्राचे व्यवस्थापक जयसिंगआबा यांनी उद्या सकाळीच पुण्याला जाऊन कोचला हे पाचवं कलम वाचून दाखवावं. वाटणीची कलमं माझ्या मरणानंतरची, हे उद्याचं.

६. कसम मोडल्याचा कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त म्हणून दहा गरिबांना पोटभर जेवण घालायचं आहे. ते मी ऑपरेशनआधी स्वतः शिजवीन. जमलं नाही तर तहमीनाने करावं. बिर्याणी नको, डाळ-गोश्त आणि भाकरी करावी.

७. सीझनचं माझं तिकीट यंदा अनिसला. मैदानाबाहेर बसून मॅच कशी बघायची ते त्याला ठाऊक नाही, आबांनी शिकवावं. क्लब बुडाला तर त्याचा बोल माझ्यावर. आणि मी वाचले तर त्याच्या शेजारचं तिकीट काढीन. तो बोलला नाही तरी चालेल, मी आपली ओरडत राहीन.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, साक्षीदारांसमोर वाचलं, पाचव्या कलमाला थांबले, पाणी प्याले, पुन्हा वाचलं आणि सही केली.

सही: गुलशन इनुस तांबोळी

साक्षीदार:
१. हनुमंत दगडोबा शितोळे
२. हर्षदा ताकवणे

ठिकाण: दौंड
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५