पोळ्या झाल्या की बरी

कसबा पेठ, पुणे
२० जुलै २०२५

ती. मुक्ताताईंना,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक. तुमचे भाऊ नेहमीप्रमाणे पेपर वाचून, घडी करून, मग पुन्हा उघडून वाचतात. अवनीची पहिली मंगळागौर पाच ऑगस्टला, तुमच्या वाघोलीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, हे कळलं. आनंद झाला. पत्री इकडून आणू का, ते कळवा. मंडईत चांगली मिळते. तिकडची तुम्हाला पसंत पडायची नाही.

तुमचा फोनवरचा लांबलचक निरोप पोचला. उत्तर कागदावर देते आहे, कारण फोनवरचं तुम्ही वाचून पुसून टाकाल. बोटं आखडतात, त्यामुळे एवढ्याशा पत्राला तीन दिवस लागले.

तुम्ही लिहिता, "हेमा, वर्ष झालं, मंगळागौरीच्या ग्रुपमधली एकही बाई माझ्याशी फुगडी घालत नाही. पोटच्या लेकीच्या मंगळागौरीलाही मी बाजूला उभी राहू का? तू एकदा सांग त्यांना, की मी मुद्दाम ओढलं नव्हतं."

खरं आहे, घालत नाहीत. परवा सरावाला एकजण म्हणाली, "मुक्ताताईंशी फुगडी नको गं बाई, हात काढून देतील." सगळ्या हसल्या. मीही हसले. वीस वर्षं तुम्ही ज्या बायकांना नाचवलंत, त्यांच्यात आता तुमच्याकडे टाळ्या वाजवायचं काम आहे.

गेल्या श्रावणात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. मी म्हणाले, "ताई, आज मला नका घेऊ, हात फार दुखतोय." तुम्ही भरल्या हॉलमध्ये म्हणालात, "अगं, संध्याकाळ झाली, तुझी दुखायची वेळ टळली!" आणि माझे हात धरून गिरकी घेतलीत. चौथ्या फेऱ्याला माझं डावं कोपर जागेवरून निघालं. मी खाली पडले. हाताचा आकार बघून अवनी किंचाळली.

आता जे मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही, ते सांगते. कोपर तुमच्या ओढण्याने निखळलं नाही. डॉक्टरांनी चौथ्या दिवशीच स्पष्ट सांगितलं होतं. संधिवाताने सांधा आतून खाल्ला होता, त्याला धरून ठेवणारे बंध सैल पडले होते. "फुगडीचं निमित्त झालं," ते म्हणाले, "बादली उचलतानाही निघालं असतं." आणि निघालंच. ऑक्टोबरमध्ये गादीवरची चादर ओढताना पुन्हा निखळलं. खोलीत मी एकटीच होते.

तुमच्या भावाला वाटतं, मी हे तुम्हाला केव्हाच कळवलं. नाही कळवलं. बायकांमध्ये तुमचा विषय निघायचा तेव्हा मी हाताचा पट्टा नीट करत गप्प बसायचे. बरं वाटायचं, ताई. औषधाने वाटत नव्हतं इतकं.

दहा वर्षांपूर्वी सकाळी माझ्या मुठी मिटत नसत. लाटणं धरवत नसे. दहा वाजले की हात हळूहळू सुटायचे. तुम्ही माहेरपणाला यायचात, हे बघायचात आणि सासूबाईंना म्हणायचात, "आई, हिचं दुखणं घड्याळ लावून येतं. पोळ्या झाल्या की बरी!" कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी संधिवाताच्या तज्ज्ञाकडे जायची चिठ्ठी दिली, तर तीही तुम्ही जेवणाच्या पंगतीत मोठ्याने वाचलीत. "सदतिसाव्या वर्षी कसला संधिवात? कामं टाळायला कागद आणलाय." तुमचे भाऊ आमटी भुरकत राहिले. नंतर मला कुणी तिकडे नेलं नाही, आणि लाजेने मीही गेले नाही. नऊ वर्षं निर्गुडीचं तेल चोळलं.

सकाळी आखडायचं आणि ऊन वर आलं की सुटायचं, हीच या आजाराची खूण. मोठ्या डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न तोच विचारला. जे लक्षण त्यांनी शोधलं, ते तुम्ही नऊ वर्षं आधी अचूक हेरलं होतंत आणि त्याला नाटक म्हणालात.

म्हणजे बायका तुम्हाला ज्यासाठी टाळतात, तो दोष तुमचा नाही. जो तुमचा आहे, त्याबद्दल तुम्हाला आजवर कुणी अवाक्षर बोललेलं नाही.

तेव्हा मी काही सांगणार नाही. तुम्ही सांगा. रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे. मंगळवारी सगळ्याजणी जमल्या की खेळ सुरू व्हायच्या आधी वाचून दाखवा. तुम्हाला वाचायची सवय आहे. तुम्ही ओढल्याने काही झालं नाही, हे त्यात छापील आहे. फक्त तिसऱ्या ओळीत असं लिहिलंय: "आजार सुमारे नऊ वर्षांचा, उपचार घेतलेले नाहीत." तिथे कुणीतरी विचारेलच, "अगंबाई, नऊ वर्षं हिला दाखवलं कसं नाही?" बहुधा अवनीच विचारेल. नव्या सुनेची दुखणी सासरी कशी मोजतात, हे तिला आता कळायला लागलं असेल.

तिला खरं उत्तर दिलंत, तर तिच्यासकट कोण तुमचा हात धरेल, मला सांगता येत नाही. रिपोर्ट नाहीच वाचलात, तर टाळ्या वाजवत उभ्या राहा. काहीही करा, मी समोरच बसलेली असेन. फुगडी आता मला जन्मात घालता यायची नाही. बघायला मात्र डॉक्टरांची हरकत नाही.

अवनीला आणि शौनकरावांना आशीर्वाद. तुम्हाला वाकून नमस्कार करायचा की नाही, ते मंगळवारी ठरवेन.

हेमा