बोचक्यातली ऊब

३ मार्च
हिचा गुडघा बरा. मुलीचा खोकला उतरला. जावईबापू ठीक. माझ्याही तब्येतीला धाड भरलेली नाही — फक्त पॉलिशच्या खोलीची किल्ली मुलीने काढून घेतली! परवा तिथला कोपरा जळाला ना. "बाबा, तुमच्या सिगारेटनेच!" अगं, खोलीत मी कधीच ओढत नाही! ऐकतंय कोण? आयुष्यभर खुर्च्या-टेबलांना पॉलिश केलं, आता नुसता बसून करू काय?

४ मार्च
करमत नाही.

६ मार्च
वाचनालयातून रसायनाचं पुस्तक आणलं. निम्मं डोक्यावरून गेलं. पण एक पक्कं कळलं — पॉलिशचं जवसाचं तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि त्यात ऊब सुटते. चिंधी पसरलेली असली तर ती वाऱ्यावर जाते. बोळा केला की आतच कोंडते, वाढत जाते... आणि एकदम पेट! काडीसुद्धा लागत नाही.
पण मी तर चिंध्या दोरीवर टाकतो. मग?

७ मार्च
मग ही! कोपरा जळाला त्या दुपारी मी जरा पडलो होतो, हिने खोली आवरली. "काय तो चिंध्यांचा पसारा!" — गच्च बोचकं बांधून कोपऱ्यात. टापटिपीची भारी हौस!
मुलीला सांगितलं तर किल्ली मिळेल. पण ही मनाला लावून घेईल, जेवणार नाही. राहू दे.

९ मार्च
तरी खात्री करावीशी वाटली. अंगणात सावलीला, पत्र्याच्या बादलीत तेलकट चिंध्यांचं बोचकं ठेवलं. शेजारी पाणी. आत तापाचा थर्मामीटर खुपसला.
"कुणाला ताप आलाय?" म्हणत हिने हात घातला. "अहो, हे तर चांगलंच तापलंय!"
उन्हाने, म्हणालो.
"सावलीत?"
मी पाणी ओतलं. संध्याकाळी पाहतो तर ही माझं रसायनाचं पुस्तक उघडून बसलेली.

१० मार्च
मुलगी आली. मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "बोचकं मी बांधलं होतं. त्यानेच पेट घेतला."
"आई, बाबांना वाचवायला काहीही सांगशील!"
हिने वाद घातला नाही. नव्या चिंध्या तेलात भिजवल्या, बोचकं बांधलं, बादलीत ठेवलं. जेवणं झाल्यावर म्हणाली, "घाल हात."
मुलीने घातला. चटकन काढला.

११ मार्च
किल्ली परत आली. पण मुलीने ती हिच्या हातात दिली — माझ्या नाही!
ही म्हणते, "उद्या मीही येते. आवरायला नाही. पॉलिश शिकायला."